रात्री तीनला ‘चिक्’ करणारा धुराचा अलार्म: बिघडतं कुठं आणि करायचं काय

ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतली गोष्ट. पाहुणे आलेले, हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या, आणि पहाटे तीनच्या सुमाराला कुठून तरी ‘चिक्’. मी डोळे उघडले. काही नाही. झोप लागते न लागते तोच पुन्हा ‘चिक्’. आत्या अंधारातच म्हणाली, “पाल चुकचुकतेय, झोप.” पण पाल काही घड्याळ लावून चुकचुकत नाही. मी मोबाईलवर मोजलं, दर चाळीस सेकंदांनी एक. मग आमची वरात निघाली. इन्व्हर्टरपाशी कान, फ्रीजपाशी कान, ओट्याखालच्या गॅस डिटेक्टरपाशी कान. हा आवाज इतका बारीक आणि टोकदार असतो की दिशाच कळत नाही. ज्या खोलीत उभे राहाल तिच्या शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटतं. शेवटी तो सापडला जिन्याच्या तोंडाशी छताला लावलेल्या धुराच्या अलार्ममध्ये. स्टुलावर चढून बॅटरी काढली आणि सगळे झोपले.

सकाळी तीच बॅटरी परत घातली. दिवसभर चकार शब्द नाही. रात्री तीनला पुन्हा ‘चिक्’.

बाबा खालच्या खोलीत झोपतात. त्यांना दोन्ही रात्री काही कळलं नाही, आणि निदान त्यांची तरी झोप झाली म्हणून आम्हाला बरंच वाटलं. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, मागवाल्यांच्या वस्तीतलं. खाली टॉवेलचे आठ माग, मागांच्या शेडला लागून रस्त्याकडची एक खोली, वर आम्ही. आमच्याकडे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तिथंच राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगार मिळून आठ जण गेले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत जो तो आपापल्या जिन्याकडे बघत होता. जूनमध्ये पुण्याचा भाऊ दोन अलार्म घेऊन आला. एक जिन्याच्या तोंडाशी लावला, दुसरा स्वयंपाकघराच्या दारावर. पुढच्या सहा महिन्यांत या दोन डब्यांनी जेवढं छळलं तेवढं आठ मागांनी पंधरा वर्षांत छळलं नाही. ज्यांनी वैतागून अलार्म काढून कपाटात टाकलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे प्रत्येक वेळी दोष वेगळा निघाला आणि एकदाही अलार्म खराब नव्हता.

आधी आवाज कुठला ते बघा

धूर लागला की अलार्म तीनदा जोरात बोंबलतो, जरा थांबतो, पुन्हा तीनदा. असं चालूच. हा आवाज आला की कारण शोधत बसायचं नाही. पोरंबाळं, म्हातारी माणसं आधी बाहेर, फोन बाहेरून, १०१ किंवा ११२ ला. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड असा दोन्हींचा मिळून असलेला अलार्म असेल तर त्या विषारी वायूसाठी तो चार-चारच्या गटात वाजतो. बाहेर मात्र दोन्हींसाठी पडायचं.

तीस ते साठ सेकंदांनी एकच ‘चिक्’ येत असेल तर ती आग नाही. बॅटरी उतरलीय, नाहीतर अलार्मचं वय झालंय, नाहीतर आत काही बिघाड आहे. कुठल्या दिव्याचा काय अर्थ ते त्याच्या पुस्तिकेत असतं. आमची पुस्तिका पहिल्याच दिवशी पोरानं विमान करून उडवली होती, म्हणून एवढं रामायण.

फक्त रात्रीच का चिकचिकतो

भुताटकी नाही, थंडी. जानेवारीत आपल्याकडे दुपारी उकडतं आणि पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो. बॅटरी आत रसायनावर चालते, आणि गारठ्यात ते रसायन मंदावतं. उतरत आलेली बॅटरी दिवसा कशीबशी तग धरते, पहाटे तिचा व्होल्टेज मर्यादेच्या खाली जातो, अलार्म ‘चिक्’ करतो. ऊन आलं की बॅटरी सावरते आणि तुम्ही खोटे पडता.

मी तर मीटर लावून बघितलं होतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, मीटरवर ८.४. म्हटलं ठणठणीत आहे! आमच्याकडे वायरिंगला येणाऱ्या काकांनी तोच मीटर हातात घेऊन विचारलं, “लोड दिलास का?” लोड नसताना दमलेली बॅटरीही चांगला आकडा दाखवते. अलार्म मात्र अधूनमधून तिच्यावर क्षणभर भार टाकून तपासतो, आणि त्या क्षणी ती किती खाली बसते ते बघतो. साधारण साडेसात व्होल्टच्या खाली गेली की ओरड सुरू. काकांनी बॅटरीला एक छोटा बल्ब जोडला आणि मीटरचा काटा डोळ्यांदेखत खाली आला.

नवी बॅटरी सहा महिन्यांत उतरली कशी? तर ती अलार्मसोबतची नव्हतीच. अलार्मसोबत आलेली बॅटरी ऑक्टोबरमध्ये पोरानं खेळण्यातल्या गाडीच्या रिमोटला लावली आणि मला सांगितलं. (सांगितलं हे त्याचं कौतुक.) मी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तातली आणून बसवली. स्वस्तातल्या त्या झिंक-कार्बनच्या असतात. घड्याळाला चालतात, अलार्मला नाही. अलार्म एरवी अगदी थेंब-थेंब वीज पितो, पण वाजायच्या वेळी एकदम घोट मागतो, आणि तो घोट या बॅटऱ्यांना झेपत नाही. अल्कलाइन घ्या, आणि वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी बदला. आम्ही संक्रांत ठरवलीय. अलार्मच नवा घेणार असाल तर दहा वर्षांची लिथियम बॅटरी आत कायमची बसवलेला घ्या. पैसे जास्त जातात, पण ती पोराला काढता येत नाही.

बॅटरी बदलूनही ‘चिक्’ थांबला नाही तर आधी बॅटरीचं दार नीट बसलंय का बघा. मग बॅटरीची टोकं बघा. आमच्याकडे तिथंही सुताची धूळ अडकली होती. पोराच्या खोडरबरनं टोकं घासली. नंतर बॅटरी काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला भार निघून जातो, आणि मग बॅटरी घालायची. एवढं करूनही आवाज येत असेल तर अलार्म उलटा करून तारीख वाचा. बनवल्यापासून दहा वर्षं झाली की अलार्म बदलायचा, तो कितीही चांगला वाजो. टेस्टच्या बटणानं भोंगा आणि आतली वायरिंग ठीक आहे एवढं कळतं. धूर ओळखणारा डोळा म्हातारा झालाय का, ते त्यावरून नीटसं कळत नाही.

आणि एक वेंधळेपणा सांगतो, आमच्याच मेव्हण्याचा. बॅटरी बदलली, अलार्म बदलला, तरी घरात ‘चिक्’. तीन दिवसांनी कळलं की जुना अलार्म बॅटरीसकट लोखंडी कपाटात ठेवला होता आणि तो आतून बोलत होता.

शेंगा भाजल्या की बोंब

हा आमचा पहिला आणि सगळ्यात मोठा तमाशा. आई शेंगाची चटणी करते ती किलो-दोन किलोची नाही. पुणे, लातूर, हैदराबाद असे डबे भरायचे असतात. लोखंडी कढईत शेंगदाणे खरपूस भाजायचे, टरफल जळतं, निळसर धूर निघतो. जुलैत पहिल्यांदा भाजायला घेतले आणि दुसऱ्याच घाण्याला अलार्म सुरू. आईनं दचकून झारा टाकला. मी टॉवेल हलवून धूर पांगवला. पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी आईनं स्टूल मागवलं, अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि वर रबर लावलं. ती पिशवी गणपतीपर्यंत तशीच होती. म्हणजे दोन महिने आमच्याकडे अलार्म होता आणि नव्हताही.

चूक आईची नव्हती, माझी होती. जिथं धूर होतो तिथंच अलार्म हवा, असं मला वाटलं. उलट आहे. स्वयंपाकघरात रोज धूर होतोच. फोडणी, भाकरीचा करपलेला काठ, मिरच्यांचा ठसका. शेगडीपासून किमान दहा फूट लांब, म्हणजे साधारण तीन मीटर, हे अंतर पाळायचं. न्हाणीघराच्या दारापासून तीन फूट, कारण गरम पाण्याची वाफही त्याला धुरासारखीच दिसते. देवघराच्या बरोबर वर नको. कापूर आणि धूप रोजचेच. स्वयंपाकघरात काही हवंच असेल तर धुराचा नव्हे, उष्णतेचा अलार्म लावतात. तो धुराकडे बघत नाही. तापमान ठरावीक अंशाला, बहुतेक ५७ च्या आसपास, पोचलं की वाजतो. शेंगा भाजा, मिरच्या भाजा, तो गप्प. मात्र तो उशिरा जागा होतो, म्हणून झोपायच्या खोलीला धुराचाच हवा.

जात कुठली तेही बघा. एका जातीत अमेरिशियम-२४१ नावाचा किरणोत्सारी पदार्थ कणभर असतो. त्याला आयनीकरणाचा अलार्म म्हणतात. भडकलेल्या आगीचे बारीक कण तो चटकन पकडतो, पण फोडणीलाही तेवढ्याच चटकन वाजतो. दुसरी जात फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल. आत काळा अंधारा कप्पा, एका कोपऱ्यात प्रकाशाचा दिवा, तिरक्या कोनात प्रकाश ओळखणारा डोळा. एरवी दिव्याचा उजेड त्या डोळ्यावर पडत नाही. धूर आत शिरला की उजेड कणांवर आपटून विखुरतो आणि डोळ्याला दिसतो. गादी, सूत, कापूस आतल्या आत धुमसत राहतो तो धूर ही जात आधी पकडते. आपल्या घरात गाद्या आहेत, शेडमध्ये सूत आहे. म्हणून मी फोटोइलेक्ट्रिकच्या बाजूचा. आयनीकरणाचा आधीपासून असेल तर तो उघडू नका, भंगारवाल्याला देऊ नका.

सप्टेंबरमध्ये मी स्वयंपाकघराच्या दारावरचा अलार्म काढून झोपायच्या खोल्यांच्या मधल्या बोळात नेला. त्यानंतर आईनं दिवाळीची चटणी, चकल्या, सगळं केलं. एकदा वाजला, तोही चकलीचं तेल तापून धूर झाला तेव्हा, आणि तिथं तो वाजणं बरोबरच होतं. अशा वेळी पिशवी नको. बटण दाबलं की बहुतेक अलार्म आठ-दहा मिनिटं गप्प बसतात आणि मग आपणहून जागे होतात.

मागाची धूळ

आता जिन्याच्या तोंडाचा. तो ऑगस्टपासून अवेळी वाजायचा. दुपारी चारला, सकाळी दहाला, कधी आठवडाभर नाही. शेंगा नाहीत, धूप नाही. मी वहीत वेळ लिहायला लागलो, आणि तीन आठवड्यांनी आकडे बघितले तर सगळे वेळ माग चालू असतानाचे, आणि बहुतेक खालचं जिन्याचं दार उघडं असतानाचे.

स्टुलावर चढून टॉर्च मारला. जाळीच्या भोकांवर पांढरा थर, अगदी टॉवेलच्या पोतासारखा. बोटानं ओढला तर सलग सुटून आला, फेल्टच्या तुकड्यासारखा, बोटभर लांब. मागावर टॉवेल विणताना सुतातून जी मऊ धूळ उडते ती गरम हवेबरोबर जिन्यानं वर चढत होती आणि छताला लागून बसत होती. आत शिरलेली तूस उजेडापुढे आली की अलार्मला ती धूरच वाटते. आणि थर फार वाढला तर उलटं होतं. खरा धूर आत शिरायलाच जागा राहत नाही.

मग मी शहाणपणा केला. शेडमध्ये माग झाडायला कॉम्प्रेसर आहेच. सहा किलोच्या दाबाची हवा जाळीवर सोडली. थर गेला, मी खूश. दुसऱ्या दिवसापासून अलार्म दर तासाला वाजायला लागला. जाळीवरची सगळी धूळ मी आतल्या अंधाऱ्या कप्प्यात ठासली होती, वर कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी आणि तेलाचे थेंब. तो अलार्म गेला तो गेलाच, भावानं दुसरा पाठवला. अलार्म एकदाही खराब नव्हता असं वर म्हणालो ते या अर्थानं. हा मी खराब केला.

बरोबर रीत अशी: अलार्म छतावरून उतरवायचा, व्हॅक्युम क्लीनरला मऊ ब्रश लावून बाहेरून जाळी ओढून घ्यायची. धूळ बाहेर ओढायची, आत ढकलायची नाही. व्हॅक्युम नसेल तर रंगाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश. पाणी नाही, साबण नाही, कसला फवारा नाही, आणि दिवाळीला घर रंगवताना अलार्मवर चुना-डिस्टेंपर तर अजिबात नाही. रंगकाम चाललंय तोवर झाकायचा आणि त्याच संध्याकाळी झाकण काढायचं. इतर घरांत वर्षातून दोनदा पुरेल, आमच्यासारख्या मागावरच्या घरात महिन्यातून एकदा. झाल्यावर टेस्टचं बटण. ते तसंही महिन्याला एकदा दाबायचंच असतं.

खालच्या शेडमध्ये धुराचा अलार्म लावायच्या भानगडीत पडू नका. तो तिथं आठवडाभर टिकणार नाही. तिथं उष्णतेचा लावा. आमच्या शेडवर स्लॅब आहे म्हणून चालतं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात छताखाली एवढं तापतं की ५७ अंशांचाही भरवसा नाही, तिथं जास्त अंशाचा प्रकार माहितगाराकडून निवडून घ्यावा. आणि जिन्याचं खालचं दार बंद ठेवायची सवय. आम्ही त्याला स्प्रिंग बसवली. धूळ वर येत नाही हा रोजचा फायदा; आग लागली तर धूरही त्याच वाटेनं येतो, त्याला दार आडवं येतं.

पहिल्या पावसानंतर एकदा रात्री साडेआठला बोंब झाली होती. दिव्यावर आलेले पंखवाले किडे, त्यातला एक आत. ट्यूबलाइटच्या शेजारी अलार्म नको, एवढंच.

उन्हाळा, कूलर, पत्रा

आमच्या अलार्मच्या पुस्तिकेत (दुसऱ्या अलार्मची जपून ठेवलीय) लिहिलंय की तो ४ ते ३८ अंशांत नीट चालतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४२-४३ म्हणजे रोजचा बाजार. घराच्या आत, स्लॅबखाली, सावलीत निभावतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत निभावत नाही. तिथं दुसरीही अडचण आहे. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेची गादी तयार होते आणि सुरुवातीचा कोमट धूर त्या गादीला भेदून छतापर्यंत पोचतच नाही, मध्येच तरंगतो. म्हणून पत्र्याच्या खोलीत अलार्म पत्र्याला न लावता आतल्या भिंतीवर लावतात. स्लॅबच्या खोलीत मात्र छत चांगलं, भिंतीपासून निदान चार इंच सोडून. भिंतीवरच लावायचा असेल तर छतापासून चार ते बारा इंच खाली. कोपरा नको, धूर तिथं उशिरा पोचतो.

कूलरच्या झोतासमोर तर नकोच. तो धूर पलीकडे ढकलतो आणि धूळ अलार्मवर आणतो. छताच्या पंख्याच्या पात्याच्या टोकापासूनही तीन फूट.

घेताना

फसवणूक म्हणावी की गैरसमज, पण हे सारखं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या एका घरी इलेक्ट्रिकच्या दुकानातून ‘स्मोक डिटेक्टर’ आणला, पांढरा गोल, छान दिसणारा, छताला स्क्रूनं बसवला. वर्षभर तो एकदाही खोटा वाजला नाही म्हणून ते मला हसायचे. मी उतरवून बघितला तर त्यात भोंगाच नाही, बॅटरीही नाही. नुसतं वायर जोडायचं टर्मिनल. तो हॉटेल-हॉस्पिटलमध्ये चोवीस व्होल्टच्या पॅनेलला जोडायचा असतो. नुसता छताला लावला तर ती शोभेची वस्तू. घरासाठी ज्यात बॅटरी आणि भोंगा दोन्ही आत आहेत तो स्वतंत्र अलार्म मागा. खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ हे मानक, फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल हा शब्द, बनवल्याची तारीख आणि ८५ डेसिबल हा आकडा बघा. तारीखच नसेल तर ठेवून द्या.

वायफायवाले अलार्म फोनवर संदेश देतात. चांगलं आहे, पण वीज गेली आणि राउटर बंद झाला की संदेशही गेला. भोंगा मात्र स्वतःच्या बॅटरीवर वाजला पाहिजे, हे तपासून घ्या.

गॅस गळतीला धुराचा अलार्म काही करत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्याचा डिटेक्टर खाली, फूटभर उंचीवर. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन १९०६.

बाबांची खोली

बाबांचे गुडघे गेल्यापासून ते खालच्या खोलीत झोपतात, शेडच्या भिंतीला लागून. फेब्रुवारीत आम्ही तिथंही एक अलार्म लावला. बसवून झाल्यावर, टेस्ट म्हणून, रात्री ते झोपल्यावर मी बटण दाबलं. मी कानावर हात ठेवला, वरून आई ओरडली, शेजारचं कुत्रं उठलं. बाबा कूस बदलून झोपले.

मला हसू आलं आणि मग घाम फुटला. पाहुण्यांच्या रात्रीही ते झोपलेच होते. बाबांनी चाळीस वर्षं मागावर काढली. मागाच्या खडखडाटानं कान जातो तो आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे बारीक आवाजाचा. अलार्मचा भोंगा साधारण ३,००० हर्ट्झचा, त्याच पट्ट्यातला. दिवसा बाबा आमचं सगळं बोलणं ऐकतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुकरची शिट्टी मात्र त्यांना गेली काही वर्षं सांगावी लागते, हे आईनं तेव्हा सांगितलं. पूर्व भागात मागावर हयात घालवलेली माणसं घरोघरी आहेत. तुमच्या घरातल्या अशा माणसाला झोपेत अलार्म ऐकू येतो का, एकदा रात्री बटण दाबून बघा, दिवसा नको.

मी आधी म्हटलं, आम्ही वर जागे होऊ आणि त्यांना उठवू. काकांनी एकच प्रश्न विचारला, “आग शेडमध्ये असली तर तू जिन्यानं उतरणार कसा?” म्हणजे बाबांना स्वतःच उठता आलं पाहिजे. अशा लोकांसाठी ५२० हर्ट्झचा, खर्जातला भोंगा असतो, आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही असते. आम्ही एकमेकांना बिनतारी जोडलेले तीन अलार्म घेतले: शेडमध्ये उष्णतेचा, बाबांच्या खोलीत आणि जिन्याच्या तोंडाशी धुराचा. एक वाजला की तिन्ही वाजतात. सोबत त्यांनाच जोडणारी ती चकती. बाबांच्या खोलीला रस्त्याकडे स्वतःचं दार आहे, त्याचं कुलूप काढून आतून नुसती कडी ठेवली आणि दारासमोरची सुताची पोती हलवली.

मार्चमध्ये पुन्हा रात्री बटण दाबलं. चकती थरथरली, खाट हलली, बाबा ताडकन उठून बसले. डोळे अर्धवट मिटलेले, एक हात खाटेच्या काठावर. म्हणाले, “एवढ्या रात्री माग कुणी चालू केला रे?”